टिटवीची हजेरी

आमच्या घरात दोन हजेरीपट होते. एक शाळेचा. तो नाना, म्हणजे माझे वडील, रोज खाकी पिशवीतून नेत आणि आणत. दुसरा घरीच खुंटीला दोरीनं टांगलेला असे. तोही मूळचा शाळेचाच, पण पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला, हेडमास्तरांनी रद्दीत टाकायला सांगितलेला. नानांनी तो घरी आणला, कोऱ्या राहिलेल्या पानांवर मुलांच्या नावांच्या जागी पाखरांची नावं लिहिली आणि रोज सकाळी तलावावर जाऊन त्यांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. बगळा, ढोकरी, पाणकावळा, शेकाट्या, खंड्या, टिटवी. दिसला तर ‘ह’, न दिसला तर ‘गै’, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. ‘बगळा : आज उशिरा आला’ असा शेरा एकदा आईनं वाचला आणि पदर तोंडाला लावून हसत म्हणाली, "त्याच्या बापाले चिठ्ठी पाठवा आता."

आमचं भाड्याचं घर अमरावतीच्या अगदी टोकाला होतं. त्याच्या पुढं शहर नव्हतं, तलाव होता. मागच्या पडवीतून उतरलं की पंचवीसेक पावलांवर बांध, आणि बांधावर चढलं की समोर पाणीच पाणी. आता तिथं फिरायला फरशी घातली आहे, संध्याकाळी रंगीत दिवे लागतात आणि हंसाच्या आकाराच्या होड्या फिरतात. लोक मोबाइलवर फोटो काढतात. मी एकदाच गेले आणि परत आले. आमच्या वेळी तिथं भोयांची जाळी वाळत असत आणि चैत्र लागला की पाणी रोज हातभर मागं सरकत असे. पाणी सरकलेल्या जागी आधी चिखल, मग भेगा, मग वरच्या अंगाला नुसता मुरूम. थंडीत आलेली बदकं तोवर परत गेलेली असत. हजेरीपटावर त्यांची नावं आणि पुढं ओळीनं ‘गै, गै, गै’. नाना म्हणत, "सुट्टी लागली त्यायले." मग उरत ती आमची गावची पाखरं. लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात काठ्यांवर चालल्यासारखे हिंडत, ढोकऱ्या काठाला डुलक्या घेत, आणि या सगळ्यांवर पहारेकऱ्यासारखी टिटवी. कुत्रं जावो की माणूस, ती उडायची आणि आकाश डोक्यावर घ्यायची.

उन्हाळ्यात शाळा सकाळची असे, म्हणून नाना उजाडायच्या आत निघत. धोतर, काळी टोपी, कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दुर्बीण. ती त्यांना एका म्हाताऱ्या रेंजरनं दिली होती. तिच्या एका नळीत बुरशी धरली होती, त्यामुळे ती एकाच डोळ्यानं बघावी लागे. मी बरोबर जाई. मी तेव्हा तेरा वर्षांची. मी बघायचं आणि सांगायचं, नानांनी बघून खात्री करायची आणि मग लिहायचं. त्यांची नजर अधू होती पण शिस्त कडक होती. वहीत खाडाखोड चालत नसे. चुकलं तर चूक तशीच ठेवून शेऱ्यात लिहायचं. शाळेत पोरं प्रगतिपुस्तकातले गुण ब्लेडनं खरवडून बदलत. नाना पान उचलून खिडकीच्या उजेडात धरत आणि तो खरवडलेला पातळ कागद लगेच ओळखत. "शाई जाते, बाबू, कागद सांगते," असं म्हणून दोन छड्या देत. खोट्या हजेरीइतका दुसऱ्या कशाचाही त्यांना संताप येत नसे.

आईला पाखरांचं कौतुक नव्हतं, पाखरांमागं हिंडणाऱ्या नवऱ्याचं होतं. ती अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडल्या जुन्या शहरातली. दारासमोर बाजार, भिंतीला भिंत, एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात शिंकायची, अशा गल्लीत वाढलेली. इथं आली तेव्हा शांततेनं तिला झोप येत नसे म्हणे. बोलायला माणूस नाही म्हणून ती मुंग्यांशीही बोलायची. माझ्यामागून तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. ज्या उन्हाळ्याबद्दल मी सांगते आहे त्याच्या सुरुवातीला तिनं अंगणात खाटेवर कुरडया घातल्या होत्या. गव्हाच्या चिकाचा तो आंबूस वास, खाटेवर पांढऱ्या ओळी, आणि मी कावळे हाकलायला हातात बांबू घेऊन बसलेली. तिनं मला वाटीभर गरम चीक दिला, वर तेल आणि तिखट. "खा, नाहीतर कावळ्याइतलीच राहशीन," म्हणाली. निरोगी आईची माझ्याजवळ असलेली ही शेवटची आठवण. तिचा आवाजही मला यातच ऐकू येतो, दुसऱ्या कशात येत नाही.

त्याच आठवड्यात टिटवीची अंडी सापडली. पाण्यापासून वर, मुरमाच्या उतारावर, घरटं असं काहीच नाही, नुसता एक उथळ खळगा आणि त्यात चार अंडी. मातकट, काळे डाग पडलेली. मी दोन पावलांवर उभी होते तरी मला दिसली नव्हती. टिटवी आणि तिचा नर डोक्यावरून झेपा घेत होते, ओरडून ओरडून त्यांचा घसा फाटत होता. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी मुरमात गुडघे टेकले. घरी येऊन हजेरीपटावर नवं नाव लिहिलं : ‘टिटवी, अंडी’. पुढं ‘ह’. अंडी फुटेपर्यंत एकही दिवस न चुकवता नोंद करायची, असं आम्ही ठरवलं. अठ्ठावीस दिवसांचा अंदाज होता. टिटवी मधूनच उठून पाण्यावर जाते, पोट बुडवून ओलं करते आणि तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसते, हे नानांनी पहिल्या दोन दिवसांतच पाहिलं. शेऱ्यात लिहिलं : ‘पोट ओलं करून येते. का, ते समजत नाही.’

आणि आईला ताप आला.

मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, डॉक्टर म्हणाले. एकवीस दिवस, नाहीतर बेचाळीस. गोळ्या दिल्या, पेज आणि संत्र्याचा रस यापलीकडे काही द्यायचं नाही असं बजावलं. नानांची थोरली बहीण, आमची आत्या, शेंदूरजनाघाटहून संत्र्यांचं पोतं घेऊन आली. ती विधवा, कामाला वाघीण, तोंडाला तिखट. तिनं येताच पदर खोचला, आईची खाट वाऱ्यासाठी मागच्या पडवीत आणली, वाळ्याचा पडदा लावला आणि मला त्याच्यावर पाणी शिंपडायच्या कामाला लावलं. दुसरं काम घड्यांचं. मिठाच्या पाण्यात फडकं भिजवायचं, पिळायचं, आईच्या कपाळावर ठेवायचं. ते तापलं की उचलायचं आणि पुन्हा भिजवायचं. फडकं किती लवकर गरम होतं ते मला तेव्हा कळलं. आठव्या दिवशी ताप उतरला, आत्यानं देवापुढं साखर ठेवली. दहाव्या दिवशी तो पुन्हा चढला आणि मग उतरायचं नावच घेईना. आईची हनुवटी टोकदार झाली. तिचे केस मी विंचरत असे, ते मूठमूठ हातात येत. मी ते गोळा करून बांधावर पुरून येई, तिला दिसू नयेत म्हणून.

पडवी तलावाच्या बाजूची. तिथून टिटवी अगदी उशाशी ओरडल्यासारखी ऐकू येई. पहाटे आम्ही हजेरीला गेलो की ती उठायची, आणि एकदा उठली की तासभर बांधावर, घरावर, कौलांवरून घिरट्या घालत ओरडायची. टिटवी घरावरून ओरडत गेली की माणूस जातं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुणी शिकवावं लागत नाही. आत्यानं पहिले काही दिवस दात आवळून ऐकलं, मिरच्या-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मग एक दिवस नाना तलावावरून आले तशी ती दारातच उभी राहिली.

"बापू, ते पाखरू बोलावून राहिलं तिले. तुले ऐकू येत नाई का?"

"आक्का, ते मले बोलते. मी त्याच्या अंड्यांपाशी जातो म्हनून बोंबलते. त्याचा अन् तापाचा काय संबंध?"

"मंग जाऊ नको नं बाप्पा अंड्यांपाशी! अंडी उचलून फेकली की ते जाते अन् दुसरीकडे घर करते. मी सांगू का भोयाच्या पोराले?"

"खबरदार," नाना म्हणाले. मी त्यांना बहिणीवर ओरडताना पहिल्यांदाच पाहिलं. मग आवाज उतरवून, जवळजवळ विनवणीनं म्हणाले, "एक दिवस चुकला तर वही खोटी होते, आक्का."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. घरात बाई तापानं फणफणते आहे आणि याला वहीची पडली आहे, असंच तिला वाटलं असणार. त्या दिवशी मलाही नानांचा तिरस्कार वाटला, हे मी लपवत नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आहे. आता मला वाटतं, त्यांचे हातपाय गळाले होते. डॉक्टर त्यांना विचारत, आत्या विचारे, अकोल्याहून मामाची पत्रं विचारत, आणि त्यांच्याजवळ कुणालाच द्यायला उत्तर नव्हतं. सकाळचा तो अर्धा तास कुणी काही विचारत नसे. तिथं चार अंडी होती, काल होती आणि आजही होती. एवढी एकच गोष्ट त्यांना खात्रीनं लिहिता येत होती.

पण आई. आई आत्याच्या शकुनांना हसायची पूर्वी. बाराव्या-तेराव्या दिवशी तिचं हसणं गेलं. टिटवी ओरडायला लागली की ती कानावर हात ठेवी, हात उचलण्याइतकी ताकद नसली की मान इकडून तिकडं फिरवी. "विमे, तिले गप करा नं कोनी," म्हणायची. "डोक्यात घुसते माह्या ते." मी घडी बदलायची आणि म्हणायची, हो, आता होते गप. ती कशी गप होणार? तिला उठवणारे आम्हीच होतो. मी नानांना म्हटलं, दोन दिवस नको जायला. ते मला न घेता एकटेच जाऊ लागले. मग मी ठरवलं.

संध्याकाळी, उन्हं कलल्यावर, मी बांध उतरले. टिटव्या माझ्या डोक्याला पंख लागेल इतक्या खाली आल्या. मी मान खाली घातली आणि चारही अंडी परकराच्या ओच्यात घेतली. अंडी फेकायची नव्हती मला. आई बरी झाली की ती परत नेऊन ठेवायची, दोन-चार दिवसांचाच प्रश्न आहे, असा माझा हिशेब. तोवर त्यांना ऊब हवी. स्वयंपाकघरात गादी भरायला आणलेला कापूस टोपलीत होता. त्यातला भरपूर कापूस घेऊन मी अंडी नीट गुंडाळली आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. पेजेसाठी आणि गरम पाण्यासाठी चूल त्या दिवसांत जवळजवळ विझतच नसे. चांगली जागा सापडली, असं मला वाटलं. आतल्या आत मला थोडा अभिमानही वाटला.

टिटवी गेली नाही. आत्या म्हणाली तसं काहीच झालं नाही. ती अंधार पडेपर्यंत ओरडली आणि पहाटे पुन्हा सुरू झाली, आणि आता मध्ये खंडच नव्हता. पूर्वी कुणी जवळ गेलं तर ती ओरडे आणि मग दमून बसे. आता बसायला जागा नव्हती. दोघंही घराच्या कौलांवरून फेऱ्या घालत होती. नाना तलावावरून आले ते चेहरा उतरवून. "कोल्ह्यानं नेली असतील," एवढंच बोलले. हजेरीपट काढला, टाक बुडवला आणि ‘गै’ लिहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या मागं उभी होते.

दुपारी आत्या ओसरीवर लवंडली. मी आईजवळ घड्या करत होते. आईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं ती झोपली आहे.

"विमे, आज काहून इतली रडून राहिली ती?"

"मले काय ठाऊक."

"तुह्ये नाना सांगत होते, अंडी गेली तिची." ती थांबली. एक वाक्य बोललं की तिला धाप लागे. "कोनं नेली?"

मी फडकं पिळत राहिले. त्यात पाणी उरलं नव्हतं तरी पिळत राहिले. मग मला रडू फुटलं आणि मी सगळं सांगितलं. चुलीमागं आहेत, कापसात, तुला त्रास होत होता म्हणून, तू बरी झाली की परत ठेवणार होते.

"माह्यासाठी नेली?"

मी मान हलवली. ती वाळ्याच्या पडद्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरत होतं आणि तिला ते पुसता येत नव्हतं. मी पुसलं.

"दोन पोरं गेली माही, विमे," ती म्हणाली. "तवा मी बी अशीच बोंबलत होती. मले नाई कोनं म्हनलं, गप राह्य म्हनून." मग तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात इतका तापलेला होता की मी दचकले. "जाय. ठेवून ये. आत्ता जाय."

मी कोनाड्यातून कापसाचा गोळा काढला. अंडी हाताला चटका बसेल इतकी गरम होती. कापूस आतून किंचित करपला होता, एका बाजूला काजळी लागली होती. मी स्वतःला सांगितलं की ऊब म्हणजे अशीच असणार. भर दुपारी, आईच्या चपला घालून, मी त्या तापल्या मुरमातून धावले. घाईघाईत कापूस काढला आणि अंडी खळग्यात ठेवली. बांधावर चढून मागं पाहिलं. टिटवी उतरली होती. धावत आली, थांबली, पुन्हा दोन पावलं धावली, आणि पंख फुलवून अंड्यांवर बसली. सगळीकडे एकदम शांत झालं. मी घरी आले तेव्हा आईला झोप लागली होती. किती दिवसांनी तिला अशी झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना बांधावरून अक्षरशः धावत आले. टोपी हातात, धोतराचा सोगा सुटलेला. "हायेत! अंडी हायेत, चारही! काल मलेच दिसली नाईत. चष्मा बदलाव लागते माह्या." ते आईच्या खाटेपाशी बसले, तिचा हात हातात घेतला आणि ज्या माणसानं उभा जन्म शकुन-अपशकुनांची टिंगल केली तो माणूस म्हणाला, "आता उतरते तुह्या ताप. पायजो तू. आता उतरते." आत्यानं तोंड फिरवलं. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच नको म्हटलं. मी घडी भिजवायला घेतली. नानांनी त्या दिवसाचा ‘ह’ लिहिला, पण कालचा ‘गै’ तसाच ठेवला. खाडाखोड नाही म्हणजे नाही. शेऱ्यात लिहिलं : ‘मास्तरची नजरचूक.’

त्यानंतर चौथ्या दिवशी आई गेली. आदल्या दिवसापासून पोटात कळा येत होत्या. डॉक्टर दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली आणि बॅग सायकलवरच राहू दिली. ते बघून मला कळलं. सकाळचे दहा वाजले असतील. मी घडी भिजवून आणली होती, आत्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "राहू दे आता." मी ती परत मागत होते. अजून कपाळ गरम आहे, मी म्हणत होते, हात लावून पाहा, गरम आहे. टिटवी त्या दिवशी एकदाही ओरडली नाही. नाना त्या दिवशी तलावावर गेलेच नव्हते.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस हजेरीपटावर कोरे आहेत. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. चौथ्या दिवशी पहाटे नानांनी खुंटीवरून हजेरीपट काढला आणि मला हाक मारली, "चाल, विमे." घर माणसांनी भरलं होतं, अकोल्याहून मामा-मामी आले होते, तेराव्याची तयारी चालली होती. नाना कुणाशी बोलत नसत. फक्त तलावावर जाताना माझ्याशी. "अजून चार दिवस." "अजून दोन." एकदा म्हणाले, "पाय कशी पोट ओलं करून येते. थकत नाई बिचारी." त्यांची दुर्बीण डोळ्याला असे आणि मला दिसे की तिच्याखाली त्यांचा गाल ओला आहे.

मला माहीत होतं. म्हणजे, कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला बसलेला तो चटका मी विसरू शकत नव्हते. रोज सकाळी घरातून निघताना मी ठरवायची, आज सांगायचं. बांधावर चढेपर्यंत धीर टिकायचा. मग नाना मुरमात गुडघे टेकत, मान वाकडी करून अंड्यांकडे बघत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही येई की मी पाण्याकडं बघायला लागे. घरी आलं की ते हजेरीपट उघडत, ‘ह’ लिहीत. त्याच ओळीत मागं तो ‘गै’ असे, आणि मी रोज तो बघे. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी मला नेहमीपेक्षा लवकर उठवलं. स्वच्छ धोतर नेसले होते. "आज फुटतील." फुटली नाहीत. एकोणतीस. तीस. "उन्हाळा कडक हाये, उशीर लागते." बत्तीस. टिटवी बसलेली. आम्ही जवळ गेलो तरी आता ती फारशी ओरडत नसे, नुसती उठून बाजूला उभी राही. चौतीस. मी देवाला नवस बोलले, एक तरी फुटू दे, मला काही झालं तरी चालेल. नवस बोलताना मला आत्याची नाही, माझीच लाज वाटली.

पुढं मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. एका पुस्तकात वाचलं की आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती त्यांना ऊब द्यायला नाही, उन्हापासून वाचवायला. सावली धरते, आणि पोट ओलं करून आणते ते अंडी गार ठेवायला. घड्याच बदलत होती ती. मी ते पुस्तक तिथंच मिटलं आणि तासाला उशिरा गेले.

छत्तिसाव्या दिवशी टिटवी नव्हती. अंडी उघडी पडली होती. नानांनी एक उचलून कानाशी धरलं, मग दुसरं. तिसरं उचलून ते थांबले. त्या अंड्याला केसाएवढी चीर होती, त्यातून काहीतरी पाझरून वाळलं होतं, आणि त्या वाळलेल्यात कापसाचे चार-सहा तंतू घट्ट बसले होते, काळपट. त्यांनी ते अंडं अधू डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. नखानं तंतू खरवडून काढले. मी उभी होते. मला वाटलं, आता. मला खरं तर सुटल्यासारखंच वाटत होतं.

"वाऱ्यानं आला असंन," नाना म्हणाले. माझ्याकडं न बघता. "कापसाचा मुलूख हाये आपला."

वेचणी संपून दोन महिने झाले होते. शेतं नांगरून पडली होती. वाऱ्यावर धुळीशिवाय काही उडत नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. त्यांनी काटकीनं मुरूम उकरला, चारही अंडी पुरली, हात झटकले आणि चालायला लागले. त्या दिवशी जेवताना आत्यानं आईच्या हातच्या कुरडया तळल्या. कुरडयांचा आवाज तेवढा येत होता.

हजेरीपट खुंटीवर गेला तो गेला. नाना नंतर खूप वर्षं जगले. दुसरं लग्न केलं नाही, पाखरांचं नाव काढलं नाही. दुर्बीण कुणाला तरी देऊन टाकली. मीही कधी विचारलं नाही. ते गेल्यावर घर रिकामं करताना मी तो खाली काढला. दोरी हातात तुटली.

ती ओळ मला लगेच सापडली. सगळे ‘ह’. छत्तीस दिवसांत आई गेली ते तीन रकाने कोरे, बाकी सगळे ‘ह’. तो ‘गै’ नव्हता. पुढचा ‘मास्तरची नजरचूक’ हा शेराही नव्हता. मी रोज पाहिलेला तो ‘गै’ ब्लेडनं खरवडून त्याच्या जागी नानांनी ‘ह’ लिहिला होता. अंडी एक दिवसही जागेवरून हलली नव्हती, आमच्या घरी आलीच नव्हती, असं आता वही सांगत होती. मला आधी राग आला. एक थोबाडीत मारायची होती मला त्यांनी, त्याच दिवशी, तिथं मुरमात. मी रडले असते, सगळं बोलले असते, आणि आम्ही दोघं मिळून आईसाठी रडलो असतो. त्याऐवजी त्यांनी आयुष्यात एकदाच खोटी हजेरी लावली आणि वही टांगून ठेवली. मग मी पान उचलून खिडकीशी नेलं आणि उजेडात धरलं, ते पोरांची प्रगतिपुस्तकं धरत तसं. त्या एका घरात कागद इतका पातळ झालेला आहे की पलीकडचं माझं बोट दिसतं.